डंकावरची बाग

मास्तरांना चित्र आवडलं की शिंक यायची.

'छान', 'सुरेख' असले शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. आम्ही बायकांनी काढलेल्या चित्रांसमोरून ते हात मागं बांधून फिरायचे. एखाद्या कागदापाशी थांबले, नाक चोळलं आणि शिंकले, की त्या बाईनं समजायचं, आज आपण जिंकलो. अडचण एवढीच, की त्यांचा चित्रकलेचा वर्ग मंगळवार पेठेत माडीवर भरायचा आणि माडीच्या बरोबर खाली त्यांच्या धाकट्या भावाचा मिरची कांडपाचा डंक होता. चटणीचे दिवस आले, की लोखंडी मुसळं सकाळपासून धाडधाड आपटायची, जिन्यातून लाल धूळ वर यायची आणि सगळा वर्गच शिंकायला लागायचा. मग मास्तर कुणाच्या चित्राला शिंकले आणि कुणाच्या मिरचीला, यावरून आमच्यात रुसवे-फुगवे. मी तर माझा बोर्ड मुद्दाम जिन्याच्या तोंडाशी लावायचे. पस्तिशी उलटलेली, दोन पोरांची आई, आणि अक्कल ही एवढी.

वर्ग मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारच्या भांड्यांनंतर आणि पोरं शाळेतून यायच्या आधी. नव्वदच्या दशकाचे मधले दिवस. आमच्या घरी नुकताच फोन आला होता, त्याच्यावर मी विणलेला रुमाल घातला होता, आणि त्या रुमालावर मोर होता. तो मोर बघून शेजारीण म्हणाली, "तुमच्या हातात कला आहे हो." एवढ्यावर मी चित्रकलेच्या वर्गाला नाव घातलं. कोंबडी होती ती खरं तर. पण मी दुरुस्त केलं नाही.

मास्तर अंगानं काडी. धोतर, आणि भर मे महिन्यातसुद्धा काळा कोट. कोटाच्या वरच्या खिशात लोक पेन ठेवतात, यांचे ब्रश. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. घराणं लिंगायत व्यापाऱ्यांचं, मिरची-मसाल्याची पेढी. थोरला मुलगा म्हणून गादीवर यांनी बसायचं, तर हे तागडी सोडून ब्रश घेऊन उठले. भावानं पेढी सांभाळली आणि माडी यांना दिली. वर्गात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक बाईला ते 'पावणं' म्हणायचे. पहिल्या दिवशी आलेलीलाही आणि चार वर्षं येणारीलाही.

"या पावणं. आज केळं काढायचं. घाबरायचं न्हाई. बिघडलं तर खाऊन टाकू."

बाजारात जाऊन वांगी हातात घेऊन उन्हात फिरवून बघायचे, रंग पाहून झाला की परत ठेवून यायचे. भाजीवाल्या त्यांना बघितलं की ओरडायच्या, "ओ मास्तर, घेणार असला तर हात लावा!" यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "घेतली की. डोळ्यात घेतली."

वर्गाच्या लांब भिंतीला एक मोठा कॅनव्हास टेकलेला असायचा, अंगावर चादर पांघरून. पहिले दोन महिने मला वाटलं तिथं गादी ठेवलीय. एका शुक्रवारी पोरी फार बडबड करायला लागल्या (पोरी म्हणजे आम्हीच, चाळिशीच्या) तशी मास्तरांनी चादर ओढली, आणि मिरचीच्या वासात एक बाग उघडली.

गुलाबी ढग. निळसर झाडी. नदीकाठी हिरवळीवर एक तरणाबांड योद्धा गाढ झोपलेला, चिलखत निम्मं सुटलेलं, शिरस्त्राण गवतात. त्याच्यावर वाकलेली एक बाई. रेशमाचे झोळ इतके, की खाली तीन बायका लपतील. कोपऱ्यात पऱ्या, पाण्यात राजहंस, आणि एक पंखवालं गुबगुबीत पोर त्या बाईच्या कोपराला लोंबकळतंय. बाईचा हात वर उचललेला. म्हणजे उचललेला असणार. कारण दंड होता, कोपर होतं, आणि मनगटापासून पुढं नुसता कोरा कॅनव्हास.

"ही काय भानगड मास्तर?" कुणीतरी विचारलं.

"ही तिकडल्या एका महाकाव्यातली गोष्ट हाय. थोरली लढाई चाललीया, वर्सानुवर्सं. ह्यो गडी लढून दमलाय, झोपलाय. ही बाई शत्रूच्या बाजूची, जादूटोण्यात तरबेज. हिला धाडलीया त्येला मारायला. आली की वो खंजीर घेऊन! हात उचलला. आन् तेवढ्यात त्येचं तोंड बघितलं." मास्तर थांबले. "झालं. हात वरच अडकला."

"मग? पुढं काय झालं?"

"पुढलं पुढल्या चित्रात आसंल. माज्याकडं एवढंच हाय."

मूळ चित्राचं पान त्यांना तरुणपणी रद्दीत मिळालं होतं, कुठल्याशा परदेशी कॅलेंडरचं. ते त्यांनी पेटीत जपून ठेवलं, आणि पेटीत कसरीनं ते जपून खाल्लं. आकाश नाही खाल्लं, राजहंस नाही खाल्ले. नेमका तो हात खाल्ला. तेव्हापासून मास्तर त्या चित्राची मोठी नक्कल करत होते. फुलं झाली, पऱ्या झाल्या, हात तेवढा येईना.

या शैलीला रोकोको म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे काय, विचारल्यावर म्हणाले, "मंगल कार्यालयाचं स्टेज बघितलासा न्हवं? जरा जागा मोकळी दिसली की ठोक गुलाब, जरा दिसली की ठोक गुलाब. त्येच. फकस्त तिकडं राजाच्या पैशानं." आणि मग एकदम हळू आवाजात, "खरं एवढ्या गुलाबात त्यो हात खरा पायजे. हात खोटा पडला तर समदं कार्यालयच."

त्या हातासाठी त्यांनी आमच्यापैकी कुणालाच सोडलं नाही. टेबलावर एक सुरी असायची, लांब पात्याची. वर्ग सुटायच्या आधी ते एकेकीला बोलवायचे, सुरी हातात द्यायचे, म्हणायचे, "उचला. मारायला आलायसा. आता तोंड दिसलं. थांबा." एकीनं ती उदबत्तीसारखी धरली. एकीनं पेनासारखी. एक बाई इतकी घाबरली, की सुरी सोडून दोन्ही हात वर केले. मास्तर प्रत्येकीचं मनगट भिंग लावून बघायचे आणि मान हलवायचे.

माझा नंबर आला. मी हे आधीच ठरवून आले होते. मान किंचित तिरपी, डोळ्यांत करुणा, ओठ विलग, आणि सुरी दोन बोटांत अलगद धरून करंगळी वर. मला स्वतःलाच हुंदका यायची पाळी आली.

मास्तरांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"करंगळी खाली घ्या, पावणं. कपबशी न्हाई ती."

सगळा वर्ग हसला. मीही हसले, आणि घरी येऊन माठातलं पाणी दोन तांबे प्याले.

आता कुणाला वाटेल, बाई मास्तरांवर भाळली होती. छे. मास्तर मला आजोबांसारखे, आणि वर्षभर एकच कोट. मला मास्तर नको होते. मला त्या बागेत उभं राहायचं होतं. पोरांच्या डब्यात मी होते, ह्यांच्या इस्त्रीत होते, सासूबाईंच्या औषधांच्या वेळेत होते. कुठंतरी नुसतं, काही न करता, हात वर करून उभं राहावं आणि ते कायमचं भिंतीवर राहावं, एवढीच हाव. कुणाला सांगायची लाज वाटेल अशी. म्हणून मी सराव सुरू केला.

कपाटाच्या आरशासमोर केक कापायची सुरी घेऊन मी रोज उभी राहायचे. एका संध्याकाळी डोळे अर्धे मिटून सुरी डोक्याच्या वर नेली, आणि आरशात बघितलं तर मागं हे उभे. बँकेतून येताना दळण घेऊन आले होते. त्यांनी आवाज न करता पिठाचा डबा खाली ठेवला.

"अगं," ते अगदी सावकाश म्हणाले, "कोथिंबीर राहिलीय. मी आत्ता घेऊन येतो."

आणि गेले. कोथिंबीर घेऊन आले ते तासाभरानं, शेजारच्या काकांना बरोबर घेऊन.

मास्तरांचे डोळे सारखे वाहायचे. मिरची, आम्ही म्हणायचो. आमचेही वाहायचे की. ते चालताना स्टुलाला धडकायचे, दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. आम्ही म्हणायचो, कलावंत माणूस, तंद्रीत असतो. बाजूनं कुणी बोललं तर मान पूर्ण वळवून बघायचे, ते आम्हाला त्यांच्या रुबाबातलं वाटायचं. एका मंगळवारी त्यांनी टर्पेंटाइनच्या डब्याऐवजी चहाच्या कपात ब्रश बुडवला आणि तो चहा माझा होता. तेव्हा भावानं त्यांना राजारामपुरीत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही, राहिलेली थेंब टाकून जपायची. मिरचीच्या डंकावर राहणाऱ्या माणसाचे डोळे दुखण्यानं वाहतायत हे कळणार कुणाला?

पुढच्या वर्गाला त्यांनी ते आम्हाला सांगितलं, जसं केळं काढायचं सांगायचे तसंच.

"चौकट ल्हान व्हायला लागलीया. कडंची झाडं गेली. आता पऱ्या जातील, मग हंस. शेवटाला मधलं तेवढं ऱ्हाईल, ह्यो हात." त्यांनी कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "मला दिसंतवर त्यो तिथं असाय पायजे. न्हाईतर शेवटाला मी बघू काय?"

कुणी शिंकलं नाही.

मास्तरांच्या मंडळींबद्दल मी अजून सांगितलं नाही, कारण वर्गातही त्या नव्हत्याच. आम्ही त्यांना अक्का म्हणायचो. माहेर निपाणीकडचं, बोलण्यात कानडी मिसळलेली, आवाज डंकाच्या वर चढणारा. डंकामागच्या दोन खोल्यांत त्यांचं स्वयंपाकघर. माडीवर त्या वर्षानुवर्षं चढल्या नव्हत्या. "वर त्यांची ती बाई हाय न्हवं," म्हणायच्या, "तिला इचारा काय पायजे ते." जेवणाची वेळ झाली, की खालूनच हाक. "ऊटा!" म्हणजे जेवण. मास्तर उतरले नाहीत तर दुसरी हाक नाही.

सोमवारी डंक बंद असायचा, महादेवाचा वार म्हणून. सोमवारी वर्गही नसायचा. त्यामुळं मी सोमवार निवडला. दुपारी मास्तर एकटे असतील, उजेड चांगला असेल, गर्दीत माझा हात त्यांना नीट दिसला नव्हता तो आता दिसेल. गुलाबी नायलॉनची साडी नेसले. केसांचा असा फुगा काढला, की रिक्षात वाकून बसावं लागलं. नखांना रंग. हातात पिशवी, पिशवीत केकची सुरी, फडक्यात गुंडाळून. रिक्षावाल्यानं आरशातून दोनदा बघितलं.

पेठेत शिरले तर सगळं शांत. त्या घराला डंकाशिवाय मी कधी ऐकलंच नव्हतं. जिना चढायला पाऊल टाकणार, तेवढ्यात मागच्या खोलीतून अक्का बाहेर आल्या, माझ्या अंगावरून, मला न बघता, तरातरा जिना चढून वर. हातात उलथनं. तव्यावरची भाकरी तशीच टाकून आलेल्या असणार, जळका वास येत होता. तोंडानं कानडीत काहीतरी चाललं होतं, त्यातला मला फक्त 'सीरी' हा शब्द कळला. म्हणजे साडी.

मी हळूच मागं गेले आणि दारातच थांबले.

झालं होतं ते असं. त्या परदेशी बाईच्या रेशमाचे झोळ काढायला मास्तरांना नमुना हवा होता. त्यांनी ट्रंकेतून अक्कांचं इरकली लुगडं काढलं, लग्नातलं, लाल पदराचं. न विचारता, आणि ट्रंक उघडीच ठेवून. खुर्चीच्या पाठीवर टाचण्या लावून ते टांगलं होतं, आणि त्याच्यावर जवसाच्या तेलाचा तळहाताएवढा डाग पडला होता.

आणि मास्तर आरामखुर्चीत झोपले होते. डोळ्यांत थेंब टाकून मान मागं टेकलेली, तशीच झोप लागलेली. कोट निम्मा सुटलेला. चष्मा घरंगळून फरशीवर. तोंड जरासं उघडं.

अक्का त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. लुगड्याकडे बघितलं, डागाकडे बघितलं. उलथन्याचा हात वर गेला. मला वाटलं, आता हाणतात. त्यांच्या डोक्यात नाहीतर कॅनव्हासवर. आणि तेवढ्यात औषधाचा एक थेंब मास्तरांच्या मिटल्या डोळ्यातून सुटला आणि गालावरून खाली आला. झोपेतच. त्यांना पत्ता नाही.

हात वरच राहिला.

मी माझी पिशवी खाली ठेवली. दाराशी माझाच बोर्ड होता, जिन्याच्या तोंडाशी, शिंकेच्या लोभानं ठेवलेला. कोळसा तिथंच. मी काढत सुटले. चेहरा नाही, साडी नाही, नुसता हात. घट्ट आवळलेली मूठ, उलथन्याच्या दांडीवर दाबलेला अंगठा. मनगटावरचं वर आलेलं हाड. नवी नवरी असताना मिरचीचं पोतं ओढताना निखळलेलं आणि तसंच वाकडं बसलेलं, हे मला नंतर कळलं. हात मारायला निघालेला होता आणि थांबलेला होता, आणि दोन्ही एकाच मनगटात होतं. इतकं वाईट चित्र मी कधी काढलं नव्हतं, आणि इतकं खरंही.

मग अक्कांनी हात खाली घेतला. पदराच्या टोकानं मास्तरांचा गाल टिपला. चष्मा उचलून टेबलावर ठेवला. वळल्या तर दारात मी.

त्यांनी मला पायापासून वरपर्यंत बघितलं. साडी, नखं, केसांचा फुगा.

"काय वो, कुठं लग्नाला निघालासा?"

"नाही, मी... अशीच."

"उठलं की सांगा त्यास्नी. भाकरी करपलीया, दुसरी टाकते म्हणून."

आणि गेल्या. लुगडं तिथंच राहिलं.

मास्तर उठले तेव्हा मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो नाकाला लावला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवत नेला. एका वेळी त्यांना तेवढंच दिसायचं. हाडापाशी कागद थांबला. बराच वेळ थांबला. मग मास्तरांनी नाक चोळलं आणि शिंकले.

डंक बंद होता. पेठेत मिरचीचा कण उडत नव्हता. त्या शिंकेबद्दल अजून मला कुणाशी भांडायचं असेल तर मी तयार आहे.

"ही वर आल्ती?" त्यांनी विचारलं.

"हो."

"हातात काय हुतं?"

"उलथनं."

मास्तर खुर्चीत मागं टेकले. "उलथनं," ते स्वतःशी म्हणाले. आणि मग, "आरं तिच्या मारी. इतकी वर्सं मी तुमास्नी सुरी देत बसलोय!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्यापैकी एकीच्याही घरात रोजच्या कामाला सुरी नव्हती. आम्ही विळीवर चिरणाऱ्या. विळीचा पाट पायानं दाबून धरायचा. पातं जागचं हलत नाही, कांदाच त्याच्याकडे जातो. पातं हातात घेऊन कुणावर चालून जायचं, ही सवय त्या हातांना नव्हतीच. त्यांना उलथनं ठाऊक होतं. पोरांवर उगारलेलं, मांजरावर उगारलेलं, नवऱ्यावर मनातल्या मनात उगारलेलं, आणि दर वेळी वरच थांबलेलं. सगळ्या पेठेत तो हात रोज घरोघरी होत होता, आणि मास्तर त्याच्यासाठी रद्दीतल्या पानाला भिंग लावून बसले होते.

"म्हंजे मी झोपलोतो," मास्तर म्हणाले. "माज्याच म्होरं झालं आन् मला दिसलं न्हाई."

त्यांनी कागद पुन्हा नाकाला लावला.

मग ते हसायला लागले. "दिसंल कसं? त्या गड्याला तरी कुठं दिसलंय!"

माझ्या पिशवीतली सुरी मी बाहेर काढली नाही.

पुढचे काही महिने ते त्या हातावर राबले. कॅनव्हासला नाक लावून, श्वास धरून, आणि डंक चालू असला की मुसळाच्या दोन ठोक्यांच्या मध्ये ब्रश टेकवून. हात पुरा झाला तेव्हा आम्ही सगळ्या कॅनव्हाससमोर गोळा झालो. त्या बाईचा दंड मोतिया गुलाबी, लोण्यासारखा, राजाच्या पैशाचा. कोपराला लोंबकळणारं ते पंखवालं पोर तसंच. पण मनगटापासून पुढं गव्हाळ रंग, उन्हाचा, चुलीचा. वाकडं हाड. आणि सोन्याच्या मुठीचा खंजीर, अंगठा दांडीवर दाबून, थेट भाकरी उलटायला निघाल्यासारखा.

अक्कांना आम्ही हात धरून वर आणलं. त्यांनी पदर सावरून, परक्याच्या घरात बघावं तसं चित्र बघितलं.

"दंड येगळा, मनगट येगळं," त्या म्हणाल्या. "रंग चुकला की वो तुमचा."

"न्हाई चुकला."

"आन् खंजीर असा धरत्यात व्हय कुठं?"

"धरत्यात."

अक्कांनी स्वतःचा उजवा हात पदराखाली घेतला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या त्यांच्या, साठीच्या बाईच्या. मग म्हणाल्या, "इरकलीवरचा डाग कोण काढनार, ही तुमची बाई?" आणि उतरून गेल्या. पण त्या दिवसापासून 'ऊटा'ची हाक खालून आली नाही. ताट घेऊन त्या वर यायला लागल्या.

मला आनंद झाला, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. झालाही होता, नाही असं नाही. पण रात्री भांडी घासताना मी माझा हात नळाखाली धरून बघायचे. गोरा, नाजूक, नीट. काही म्हणजे काही झालेलं नाही असा हात. उलथनं घेऊनही मी सराव केला, ते कबूल करते. ह्यांनी यावेळी दार बाहेरूनच लावून घेतलं.

मास्तरांची चौकट लहान होत गेली. नव्या शतकाची पहिली काही वर्षं ते डंकाच्या पायरीवर बसलेले असायचे, काळ्या कोटात, समोर बघत. वर्ग कधीच संपला होता. मी पेठेत गेले, की थांबायचे. नुसती चप्पल वाजली तरी ओळखायचे.

"या पावणं. करंगळी खाली हाय न्हवं?"

"हो मास्तर."

"खोटं बोलतासा."

एकदा मी विचारलं, चित्र दिसतं का अजून? म्हणाले, "हात दिसतोय. बाकी समदं गेलं. तेवढा मधी ऱ्हायलाय, पणतीगत." पुढं तोही गेला असणार, त्यांनी सांगितलं नाही. अक्का दुपारी त्यांना वर नेऊन कॅनव्हाससमोर बसवायच्या, हे मला मास्तरांच्या भावानं सांगितलं. दोघं बसायची. काय बोलायची माहीत नाही.

मास्तर गेल्यावर अक्का निपाणीला भाचीकडे गेल्या. जाताना एकच वस्तू मागितली. कॅनव्हास चौकटीवरून सोडवला, गुंडाळला, आणि वरून ते इरकली लुगडं बांधलं, डाग असलेलं. नंतर काही कळलं नाही. डंकाच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. माडी पाडून वर काचा लावल्यात. त्या चित्राचा एक फोटोसुद्धा कुणाकडे नाही. आमच्याकडे कॅमेरा होता, पण रोल वाढदिवसांसाठी जपायचा असायचा. चटणीच्या दिवसांत कुठं मिरची कांडत असली, की मी रिक्षा थांबवून उभी राहते. लोकांना वाटतं म्हातारीला मिरची लागली.

परवा नातीला हे सगळं सांगत होते. तिनं माझं बोलणं संपायच्या आत फोनवर शोधून ते चित्र माझ्यासमोर धरलं.

"आजी, हेच का?"

तेच. ढग, राजहंस, गवतातलं शिरस्त्राण. मी चष्मा पुसला आणि हात बघितला, कसरीनं खाल्लेला तो हात, ज्याच्यासाठी मास्तर जन्मभर झुरले.

खंजीर दोन बोटांत अलगद धरलेला. मान तिरपी. आणि करंगळी वर!

अशी, कपबशी धरल्यासारखी. माझीच. डिट्टो. मी इतकी हसले, की नात पाणी आणायला धावली. एवढा मोठा परदेशी चित्रकार, राजाचा लाडका, आणि त्यालाही माझ्याएवढीच अक्कल! मला तेव्हाच्या तेव्हा उठून मास्तरांना सांगायला जायचं होतं. मास्तर, मी बरोबर होते. मास्तर, तुमच्या पेटीतल्या कसरीला चित्रातलं कळत होतं, खोटं तेवढंच खाल्लं तिनं. चपलेत पाय घातलासुद्धा. मग आठवलं, जिनाच नाही.

ते ठीक. पण कालचं सांगायचं राहिलं.

ह्यांना साखर आहे. पेढे बंद. काल दुपारी मी धिरडी घालत होते आणि डबा उघडून बघते तर नातीच्या निकालाचे पेढे गायब, डबा चाटून पुसून ठेवल्यासारखा. माझं डोकं फिरलं. तशीच बाहेर आले, हात उचलला, "अहो!" म्हणणार, तर हे खुर्चीत झोपलेले. पेपर छातीवर. तोंड उघडं. पांढऱ्या मिशीत पेढ्याचा एक कण अडकलेला, श्वासाबरोबर हलत होता.

हात वरच राहिला.

मी मान वळवून बघितलं. मुठीत उलथनं, अंगठा दांडीवर. मनगटावर संधिवातानं आलेलं हाड. त्वचा सुरकुतलेली, तेलाच्या डागांची. करंगळी खाली होती, मास्तर, शप्पथ. मी तिला खाली घेतली नव्हती, तिची ती गेली होती. खोलीत कुणी नव्हतं. नात कॉलेजात. कोळसा नाही, बोर्ड नाही. तरी मी हात तसाच धरून उभी राहिले, दुखायला लागेपर्यंत. आणि खिडकीतून कुठून तरी धूळ आली असेल, मला शिंक आली.

ह्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, मग वर उलथन्याकडे.

"कोथिंबीर आणायची आहे का?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "झोपा तुम्ही."